सव्वा रुपयाची पोर

आधी माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठं काय द्यायचं ते मला कळत नाही. अक्षर तर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं आहे. हे कुणी वाचणार नाही ते मला माहीत आहे, तरी माफी मागून ठेवली म्हणजे हात मोकळा चालतो. दुपारी मुलगी शाळेत असते, हे दुकानात असतात, आणि मला आमच्या घरमालकीण आजींबद्दल लिहायचं आहे.

आजी तंजावरच्या मराठी. त्यांचे लोक कधी काळी इकडं तमिळ मुलखात आले आणि इथलेच झाले. त्या मराठी बोलायच्या ते कुणीतरी पोथी वाचतंय असं वाटायचं. प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर एकेक टिंब आहे, असं मला ऐकू यायचं. म्हणून त्यांचं बोलणं लिहिताना मी टिंबं देणार आहे. चुकीच्या जागी पडली तर तीही माफ करावीत. त्या मधेच तमिळमध्ये शिरायच्या आणि आपण तमिळमध्ये शिरलो हे त्यांना कळायचं नाही. उलट आमच्याच मराठीला नावं ठेवायच्या. "तुम्ही तिकडले लोक किती घाईनें बोलतां? बस सुटते काय?"

आम्ही विट्याकडचे. यांचा धंदा गलाईचा, म्हणजे सराफाकडं मोडीत आलेलं सोनं-चांदी मुशीत वितळवून शुद्ध करून द्यायचं. आमच्याकडची निम्मी गावं याच धंद्यावर पांगली आहेत. हे टी. नगरच्या मागच्या एका बोळात दुसऱ्याच्या दुकानात कामाला होते. कपड्यांना तेजाबाचा वास यायचा. त्या वासावर एका घरमालकानं आम्हाला दारातूनच परत पाठवलं, दुसऱ्यानं मटण खाता का विचारून परत पाठवलं. आजींनी यातलं काहीच विचारलं नाही. त्या ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "मोठ्यानें बोलतां काय तुम्ही?"

हे घाईनं म्हणाले, "नाही हो आजी. आमची बायको तर एवढी गरीब आहे की—"

"तुम्हांस विचारलें नाही. तिला विचारलें."

मी काहीतरी बोलले.

"काय?"

मी परत बोलले.

"अय्यो! कोंबडीचें पिल्लूं अंड्याच्या आंतून बोलतें तसें बोलते ही. दोनशे रुपये जास्त पडतील."

"ते का?" हे म्हणाले.

"गप्प माणसाचा भरवसा काय? वर माडीवर जिवंत आहे की मेलें, मजला खालीं कळावें कसें?"

ते दोनशे रुपये त्यांनी दर महिन्याला घेतले. माझ्या गप्प बसण्याचे, असं म्हणून वेगळे मोजून घ्यायच्या.

आजी घरातल्या सगळ्या वस्तूंना नावं द्यायच्या. बिननावाची वस्तू ऐकत नाही, असं त्यांचं मत. पाण्याची मोटर भागीरथी. गॅसचा सिलिंडर जावईबापू, कारण तो सांगून येत नाही, आला की जागचा हलत नाही आणि गेला की घर अडतं. फाटकासमोर कुणीतरी रोज स्कूटर लावून जायचा, ती उंडगी. सकाळी आजी दारात कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, काढायच्या तेव्हा उंडगी मधे उभी असली तर तिला हलवायच्या नाहीत. तिच्या चाकांभोवतीनं ठिपके घालून कोलम पुरा करायच्या. दहा वाजता मालक स्कूटर घेऊन गेला की फाटकासमोर पांढऱ्या वेलींच्या मधोमध दोन चाकांएवढी मोकळी जागा राहायची.

मोटर चालू करताना "अगो भागीरथी, ऊठ" म्हणायचं, असा नियम होता. यांना हसू यायचं. एकदा यांनी नुसतंच बटण दाबलं तर मोटर बंद. दोनदा दाबलं, तीनदा दाबलं. खालून आवाज आला, "नांव घेतलें काय?" हे दात-ओठ खात म्हणाले, "अगो भागीरथी, ऊठ." मोटर सुरू झाली. वायर ढिली होती म्हणे, यांनी नंतर ती आवळली. पण तेव्हापासून वायर आवळलेली असूनही हे नाव घेतात. आता आम्ही दुसरीकडं राहतो, त्या मोटरलाही घेतात.

मला दिवस गेले तेव्हा आम्ही तिथं राहायला जाऊन थोडेच महिने झाले होते. आधीचं एक बाळ राहिलं नव्हतं. त्या वेळी मी गावी गेले होते, म्हणून या वेळी गावाला पाठवायचं नाही, इथंच बाळंतपण करायचं असं ठरलं. यातलं मी आजींना काही सांगितलं नव्हतं, पण त्या माझं पोट बघायच्या आणि मग माझं तोंड बघायच्या. एक दिवस म्हणाल्या, "पहिलें गेलें काय?" मी मान हलवली. बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून त्या नावाच्या मागं लागल्या.

आजींच्या मते नाव पुस्तकात बघून ठेवायची गोष्ट नाही. नाव हाक मारायला असतं, तेव्हा ते हाक मारून बघायचं. त्यासाठी त्या गच्चीवर जायच्या. गल्लीच्या टोकाला करंजाच्या झाडाखाली एका इस्त्रीवाल्याची गाडी असायची. तो त्यांचा परीक्षक. आजी गच्चीच्या कठड्याला पोट टेकवून पदर खोचून ओरडायच्या, "मुक्तांबाऽऽ!" ऐकू आलं तर इस्त्रीवाल्यानं हात वर करायचा आणि "केक्कुदु!" म्हणायचं. केक्कुदु म्हणजे ऐकू येतंय. नाही आलं तर त्यानं आपलं काम करत राहायचं. खाली कुणाच्या घरी मिक्सर चालू असेल, रस्त्यावरून भाजीवाल्याचा भोंगा जात असेल, तर आजी मुद्दाम तीच वेळ साधायच्या. "शांततेंत तर कोणीही ऐकेल. गोंगाटांत पोंचतें तें नांव."

त्यांच्या घराण्यातल्या सगळ्या बायकांची नावं 'अंबा'वर संपायची. मुक्तांबा, सुंदरांबा, राजसांबा. आजी एकेक घेऊन वर जायच्या. सुंदरांबा भाजीवाल्यापुढं पडली. राजसांबा पोचली, पण अर्धीच. इस्त्रीवाल्यानं कोपरापर्यंत हात वर केला. अर्ध्या नावाला अर्धा हात, हे त्याचं त्यानंच ठरवलं होतं. मुलगाच झाला तर काय, असं यांनी एकदा विचारलं. आजी म्हणाल्या, "त्यास कशास नांव? तो हांक मारून येतो थोडाच!"

खाली उतरल्या की मला विचारायच्या, "तुझ्या पोटांत काय आहे?"

"बाळ आहे, आजी."

"तें दिसतें. नांव काय आहे पोटांत?"

"काही नाही."

"आहे. नांव पोटांत ठेवलें तर कुजतें गो."

नाव होतं. माझ्या आजीचं, आईच्या आईचं. आमच्या रानात ओढ्याच्या अलीकडं उभं राहून तिनं हाक मारली की पलीकडच्या वस्तीवरची माणसं जेवायला यायची. तिच्या हाकेनं बैल थांबायचे. मी तिच्याच मांडीवर वाढले आणि माझा आवाज असा. मुलगी झाली तर तिला आजीचं नाव ठेवायचं हे मी कधीच मनात पक्कं केलं होतं. पण सांगणार कुणाला? सासूबाई फोनवर रोज नवीन नाव सांगायच्या, सगळी मोबाईलमधली. माझ्या आजीचं नाव काढलं असतं तर म्हणाल्या असत्या, म्हातारीचं नाव पोरीला ठेवतीस, शाळेत हसून मारतील तिला. हे काही म्हणाले नसते, पण हसले असते. म्हणून मी गप्प.

मुलगी झाली. दवाखान्यातून आणली त्या दिवशी आजी ओसरीवर सूप घेऊन उभ्या. सुपात तांदळाचा कोंडा, त्यावर काळपट पडलेला राजाच्या छापाचा चांदीचा रुपया आणि एक पावली. हे दुकानात परत गेले होते. रिक्षातून मी आणि बाळ उतरलो. साक्षीदार म्हणून इस्त्रीवाल्याला बोलावून ठेवलं होतं.

आजी म्हणाल्या, "हीस मी घेतें. सूपभर कोंडा आणि सव्वा रुपया. देतेस?"

आमच्याकडंही ही रीत आहे. आधीची मुलं राहत नसली की पुढचं मूल कोंड्यावर विकायचं. म्हणजे यमाला वाटतं हे मूल त्या घरचं नाहीच. आमच्या चुलत सासऱ्यांचं नाव कोंडिबा ते त्यामुळंच. मी आजींकडं बघितलं. आजी अगदी गंभीर होत्या. मी मान हलवली.

"मानेनें विकत नाहींत. बोल."

"दिली," मी म्हणाले.

"केक्कुदु," इस्त्रीवाला हात वर करून म्हणाला. तो माझ्यापासून हातभर लांब उभा होता.

पोर आजींची झाली. सांभाळायला मला दिली. "पैसे नीट ठेव. मोठी झाली, धोका टळला, की हेच पैसे मजला परत करावे आणि पोर सोडवून न्यावी. तोंवर नांव ठेवण्याचा हक्क माझा."

तो रुपया आणि पावली मी यांच्या हातात दिली, ठेवून द्या म्हणून. यांनी विचारलं, "हे काय?" मी म्हणाले, "आजींनी दिलं बाळासाठी." एवढंच म्हणाले. सगळं सांगायला गेलं तर फार बोलावं लागलं असतं.

आता हे पडले गलाईवाले. काळी चांदी बघितली की यांचा हात थांबत नाही. आठ दिवसांनी बाळाच्या पायात घालायला वाळे घेऊन आले, एकेक घुंगरू लावलेले. मी विचारलं, "हे कुठून?" तर म्हणाले, "आजींचंच की! वितळवून करून घेतले."

मी भाकरी करत होते. ती करपली.

आजींनी वाळे बघितले आणि म्हणाल्या, "छान आहेत." मी नुसती मान हलवली.

सासूबाईंना तिकीट मिळेपर्यंत बाळ दोन महिन्यांचं झालं. त्या आल्या त्याच मुळी नाव घेऊन. जोशांनी 'क' अक्षर काढलं होतं आणि त्यांनी मोबाईलमधून 'कियांशी' काढलं होतं. बारशाला खालच्या भाडेकरणी आल्या. घुगऱ्या झाल्या, पाळणा फुलांनी सजवला. सासूबाई बाळाच्या कानाशी वाकून 'कुर्रर्र' म्हणणार एवढ्यात आजी रिकामं सूप घेऊन माडीवर आल्या.

"थांबा. पोर माझी आहे."

"आँ?" सासूबाई वाकलेल्याच राहिल्या. "ह्या कोण म्हणायच्या?"

"घेतली मीं. कोंडा देऊन. विचारा हीस."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पाळण्याच्या दोरीकडं बघितलं.

"पोरगी इकली?" सासूबाई यांना म्हणाल्या. "आरं, पोरगी इकली आन् मला फोन न्हाई?"

"मला तरी कुठं माहीत होतं?" हे म्हणाले.

पण सासूबाई रीत जाणणाऱ्या. त्यांनी कनवटीची पिशवी काढली आणि दहाची नोट पुढं केली. "घ्या आजी. तुमचं लई उपकार झालं. आता सोडा आमची पोर. वरचं ऱ्हाऊ द्या तुमालाच."

"दहा रुपयांस पोरी विकतां काय तुम्ही तिकडे?"

"मग किती पायजे?"

"सव्वा रुपया. मीं दिला तोच. राजाचा रुपया आणि पावली."

सासूबाईंनी माझ्याकडं हात केला. "दे गं बाई, त्यांचं त्यांना दे आन् मिटव."

मी बाळाकडं बघितलं. बाळानं तेवढ्यात लाथ मारली आणि वाळा वाजला. आजींनी वाळ्याकडं बघितलं, मग यांच्याकडं. यांचा चेहरा तापवलेल्या तांब्यासारखा झाला.

"मला वाटलं बाळाला दिलंय," हे म्हणाले. "मी ते वितळवलं." आणि धंद्याची सवय म्हणून पुढं असंही म्हणाले, "पण चांदी चांगली निघाली हां, आजी."

आजी मटकन खाली बसल्या. आम्हाला वाटलं चक्कर आली. त्या हसत होत्या. हसताना त्यांचा आवाज निघत नसे, नुसते खांदे हलायचे आणि डोळ्यांतून पाणी यायचं. "ज्या पैशानें पोर घेतली तो पैसा पोरीच्याच पायांत! अय्यो! आतां यमास सुद्धां हिशोब लागावयाचा नाहीं."

मग डोळे पुसून त्यांनी निकाल दिला. बाळाच्या अंगावरचा दागिना ओढून काढायचा नाही, अपशकुन असतो. पाय वाढतील, वाळे घट्ट होतील, तेव्हा आपोआप काढावे लागतील. ते काढून तोलून आजींना दिले की पोर आमची. "तोंवर पोर माझी आणि हांक माझी."

"आन् न्हाई निघालं तर?" सासूबाई म्हणाल्या.

"तर लग्नापर्यंत माझी."

"आवो पण जोशांनी 'क' काढलाय!"

"यमास फसविण्याकरितां पोर विकली, आणि आतां जन्माचें अक्षर तिच्या नांवांत घालतां? त्यास पत्ता लिहून देतां काय?"

सासूबाईंनी जोशांना बाजूला ठेवलं. पण कियांशी एकदा तरी गच्चीवरून मारून बघायचीच, असा त्यांनी हट्ट धरला. वरात गच्चीवर गेली. सासूबाईंनी नऊवारीचा काष्टा आवळला आणि ओरडल्या, "कियांशीऽऽ!" इस्त्रीवाल्यानं हात वर केला नाही. तो गाडी सोडून फाटकाशी आला आणि वर बघून म्हणाला, कुणाला बरं नाही का, कुणीतरी शिंकलं. मग आजींनी कठड्याला पोट टेकवलं. "यमुनांबाऽऽ!" हे नाव त्यांनी आधी कधी काढलं नव्हतं. इस्त्रीवाल्याचा हात पुरा वर गेला. पलीकडच्या शाळेचा वॉचमनही टोपी घालून बाहेर आला.

सासूबाई दहा दिवस राहिल्या. जाताना मला म्हणाल्या, "म्हातारी येडी हाय. पण पोरीला जपंल."

आजींनी पोर जपली म्हणजे मालकीण जपते तशी जपली. मी आंघोळ घालताना बाळ रडलं की खालून आवाज यायचा, "माझ्या लेकीस कां रडवितेस?" तिला सर्दी झाली की माझा पंखा बंद. घरभाडं द्यायला गेलं की त्या पाण्याच्या पैशातून थोडे परत द्यायच्या. का, तर बाळाच्या दुपट्यांना लागलेलं पाणी त्यांच्या घरचं माणूस वापरतंय, त्याचे पैसे भाडेकरूनं का द्यावेत? पण माझ्या गप्प बसण्याचे दोनशे सोडले नाहीत. एकदा त्यांनी यांना सांगितलं, "मी गांवास जाऊन येतें दोन दिवस. माझ्या मुलीस सांभाळणारी बाई चांगली मिळाली आहे, काळजी नाहीं." मला हे ऐकून बरं वाटलं. आपल्याच मुलीला सांभाळल्याबद्दल कौतुक झालेली आई मीच असेन.

सगळी गल्ली तिला यमुनांबा म्हणायला लागली. हेही म्हणायला लागले. तिलाही तेच कळायचं. मी एकटीच तिला बाळ म्हणायचे. दुपारी दार लावून, तिच्या कानाशी तोंड नेऊन, मी माझ्या आजीचं नाव म्हणायचे. ती कान खाजवायची.

मग एकदा सकाळी तंजावरहून आजींचे भाऊ आले. पांढरं धोतर, हातात पिशवी, आजींपेक्षाही म्हातारे. फाटकाची कडी त्यांना निघेना. त्यांनी बाहेरूनच हाक मारली, "यमुनांबाऽऽ!"

मी जिन्यावर होते. बाळ ओसरीवर रांगत होतं, ते हाकेसरशी फाटकाकडं निघालं. आणि आतून आजी पळत आल्या. खरंच पळत आल्या, परकरी पोरीसारख्या. "आलें रे! आलें!"

दोघीही फाटकाशी पोचल्या. भाऊ वाकून बाळाकडं बघत राहिले. आजींनी मागं वळून बघितलं, तर मी जिन्यावर उभी.

त्या दिवसापर्यंत आजींना नाव आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गल्लीत सगळे त्यांना पाटी म्हणायचे, म्हणजे आजी. भाडेकरू हाऊस ओनर म्हणायचे. भाऊ वर्षाकाठी एकदा यायचे. बाकी त्यांना नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. त्या दिवसानंतर मला माझ्या पोटातल्या नावाची लाज वाटायला लागली. त्या नावाला जागाच राहिली नाही असं वाटलं.

मुलगी चालायला लागली, धावायला लागली. वाळे घट्ट होत गेले. पायावर वळ दिसायला लागला तेव्हा आजीच म्हणाल्या, "आतां काढावे." एका रविवारी सकाळी खोबरेल लावून, साबण लावून, एकेक वाळा काढला. मुलगी ओरडली, आजी यांना ओरडल्या. हे दुकानातून छोटा काटा घेऊन आले होते. ओसरीवर काटा मांडला. एका बाजूला वाळे. दुसऱ्या बाजूला आजींनी आपल्या डब्यातला तसाच दुसरा राजाचा रुपया आणि तशीच पावली ठेवली, तोलायला.

काटा सारखा होईना. वाळ्यांचं पारडं वरच.

"कमी आहे," आजी म्हणाल्या.

"घट जाते आजी," हे म्हणाले. "मुशीत थोडं उडतंच. दोन गुंजा असतील. मी आणलीय चांदी, टाकतो वर."

"घट तुमच्या दुकानांत. माझ्या घरांत घट नाहीं. आणि तुमच्याकडून मीं पोर घेतली नाहीं. हिच्याकडून घेतली. हिनें भरावी."

"मी काय भरू, आजी?" मी म्हणाले.

"पोर सोडवून नेतेस. तिचें नांव काय तें सांग. वर जाऊन सांग. त्यास ऐकूं आलें तर घट भरली."

मी यांच्याकडं बघितलं. हे काट्याकडं बघत होते. मी हळूच म्हणाले, "यमुनांबाच असू दे की आजी. चांगलं आहे."

आजींनी माझ्याकडं बघितलं. "माझें नको. माझें मजला आहे. तुझें काढ. इतकी वर्षें सांभाळलेंस."

आम्ही सगळे वर गेलो. मुलीला आजींनी कडेवर घेतलं होतं. खाली कुठंतरी मिक्सर लागला होता आणि भाजीवाला त्याच वेळी टोमॅटो ओरडत गल्लीत शिरत होता. गल्लीच्या टोकाला इस्त्रीवाला खाली मान घालून शर्ट फिरवत होता. मी कठड्याला पोट टेकवलं.

"हौसा," मी म्हणाले.

"चिमणीस सांगतेस काय?" आजी म्हणाल्या.

"हौसा!"

"ती उडाली. आतां त्यास सांग."

मला वाटलं, माझी आजी ओढ्याच्या अलीकडं उभी राहायची तेव्हा आधी काय करायची? ती आधी श्वास घ्यायची. पदर कानामागं टाकायची आणि पायाची बोटं जमिनीत रोवायची. मी चपला काढल्या. गच्ची तापलेली होती.

"हौसाऽऽऽ!"

हे दोन पावलं मागं सरकले. भाजीवाल्यानं भोंगा बंद केला. समोरच्या घरातल्या दोन बायका खिडकीत आल्या. माझी मुलगी माझ्याकडं अशी बघायला लागली की ही बाई कोण. मग तिनं आजींचा गळा धरला.

आजींनी तिला खाली उतरवलं. "जा गो. तुझी आई हांक मारते."

ती आली. दुडकत, वाळ्यांशिवाय, आवाज न करता आली आणि माझ्या साडीत तोंड खुपसलं.

गल्लीच्या टोकाला इस्त्रीवाल्यानं दोन्ही हात वर केले होते. दोन्ही हात त्यानं आधी कधीच वर केले नव्हते. इस्त्री शर्टावरच राहिली आणि शर्टातून धूर यायला लागला. शर्ट यांचाच होता.

"केक्कुदु! केक्कुदु!" तो ओरडत होता.

"पुढल्या महिन्यापासून ते दोनशे रुपये देऊं नकोस," आजी म्हणाल्या. मग त्यांनी वाळे पदराच्या टोकात बांधले, गाठ दातांनी आवळली आणि जिना उतरता उतरता इस्त्रीवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सव्वा रुपया पुरता पावला!"